आईमार्फत

[पुनावळे. मुलींना खोल्या भाड्याने देणाऱ्या सुमनताईंच्या घराचा व्हरांडा. गुरुवारची दुपार.]

ज्योतीराम: बरं, खोलीचं भाडं झालं. आता डबा. डब्याला किती लागतेत?

वर्षाली: या महिन्यापासून डबा एकच वेळचा लावलाय मी.

ज्योतीराम: आन दुसऱ्या वेळंला?

वर्षाली: रात्री भूक नसते मला.

ज्योतीराम: ह्या वयात भूक नसती? असं कुठं असतंय का?

वर्षाली: नसते, पप्पा. पुढचं विचारा.

ज्योतीराम: बसचा पास.

वर्षाली: नको. चालत जाते मी. लांब नाहीये कॉलेज.

ज्योतीराम: आत्ता बसमधून बगत आलो की रस्ता. डंपर काय, सिमेंटच्या गाड्या काय. पास काढ.

वर्षाली: नको म्हटलं ना.

ज्योतीराम: वह्या, झेरॉक्स, ते ड्रॉइंगचं सामान?

वर्षाली: मिनलचं वापरते. माझी रूममेट. तिच्याकडे सगळं आहे.

ज्योतीराम: मग पैसे लागतेत तरी कशाला तुला? भाडं सोडलं तर समदंच नको. तुझी आई तर दर महिन्याला मला सांगायची, एवढे टाका, तेवढे टाका. तिला सांगत होतीस ते मला सांग की.

वर्षाली: आईला सांगणं वेगळं होतं.

सुमनताई: चहा घ्या, भाऊ. खुर्चीवर बसा, पायरीवर का बसलाय? वर खोल्यांत तुमाला सोडता येत न्हाई, राग मानू नका. पोरींचं घर हाय, बाप असो न्हाईतर भाऊ, नेम म्हंजे नेम.

ज्योतीराम: चांगलाच हाय की नेम. बरं वाटतंय उलट.

सुमनताई: तुमी चाकणला असता म्हनं. आन मी आज पयल्यांदा बघतीय तुमाला. चार महिने झाले पोरगी माझ्याकडं ऱ्हाती. खोली बघायलासुदिक तिची आईच आली व्हती गावाकडनं.

ज्योतीराम: मला सुट्टी गुरुवारची असती. अॅडमिशन सोमवारी होती. कंत्राटी माणूस, ताई. रजा टाकली की त्या दिवसाचा पगार जातो, वरून हजेरीचा बोनस जातो.

सुमनताई: किती वर्सं झाली चाकणला?

ज्योतीराम: ही पहिलीत गेली त्या साली आलो. बायकोला मनलो, दोन वर्षं करतो आन परत येतो. जमलं न्हाई. तिकडं कळंबच्या बाजूला आमचं गाव. हिची आई तिथंच ऱ्हायली. मी दिवाळीला आन यात्रंला जायचो.

सुमनताई: लई गुणाची बाई. कस्तुरा नाव ना? जाताना माझ्या हातात हात दिऊन म्हनली, ताई, पोरगी बोलत न्हाई फार, तिच्या ताटाकडं बघत जावा. म्हनून सांगते भाऊ, भूक न्हाई वगैरे खोटं हाय. महिनाभर बघतीय मी. डबा येतो, ही अर्धा खाती आन अर्धा रातच्याला ठिवती.

वर्षाली: काकू, पुरतो मला.

ज्योतीराम: दोन वेळचा डबा धरला मी. आता ते मेडिकलचं. तुझी आई मनायची, मेडिकलचे वेगळे टाका तिचे. कसला आजार हाय तुला?

वर्षाली: काही नाही.

ज्योतीराम: मग औषध कशाचं?

वर्षाली: राहू द्या ना, पप्पा.

ज्योतीराम: राहू द्या कसं? तुझ्या आईचं असंच राहू दिलं. काय दुखतंय ते सांग मला.

सुमनताई: भाऊ, पोरगी हाय ती. पोरींना महिन्याचं काय लागतं ते दुकानातनं इकत आनावं लागतं. त्याला तिची आई मेडिकल म्हनत आसंल.

ज्योतीराम: …हां. हां, हां.

वर्षाली: काकू!

सुमनताई: काकू काय? आता बापालाच कळाय पायजे. दुसरं कोन हाय?

ज्योतीराम: धरतो. ते धरतो. ते तर सगळ्यात आधी धरायचं. कमी पडू देऊ नको त्यात. …आन गावाकडं यायजायचं भाडं. ते राहिलंच. मागं गेलतीस तवा कुणाकडून उसने घेतलेस का? घेतले असतील तर देऊन टाकू.

वर्षाली: मागं कधी?

ज्योतीराम: घट बसायच्या आधी. तुझ्या आईला ताप आला तवा.

वर्षाली: मी कुठे गेले होते?

ज्योतीराम: गावाला. चार दिवस होतीस की तिच्यापशी.

वर्षाली: मी नव्हते, पप्पा.

ज्योतीराम: नव्हतीस कशी? तिनं मला फोनवर सांगितलं. मनली, वर्षाली आलीया, तीच करतीय माझं समदं. काल मऊ भात करून घातला. पोरीच्या हाताला चव आलीया मनली. तुम्ही येऊ नका, हजेरी मोडंल, तिच्या खोलीचं डिपॉझिट भरायचं राहिलंय.

वर्षाली: मी इथेच होते. आमची युनिट टेस्ट होती. मी निघाले होते, बॅग भरली होती, मिनलला विचारा. आईनेच नको म्हटलं.

ज्योतीराम: नको मनली?

वर्षाली: ती म्हणाली, पप्पा आलेत.

ज्योतीराम: कोण आलं?

वर्षाली: तुम्ही. म्हणाली, पप्पा काल रात्रीच्या गाडीने आले, सकाळी मला दवाखान्यात नेलं, सलाईन लावली. आता तू येऊन काय करणार आहेस? पेपर बुडवू नको, भाड्यात पैसे घालवू नको.

ज्योतीराम: मी तर चाकणमधून हललोच न्हाई, पोरी. दोन-दोन शिफ्टा करत होतो.

वर्षाली: खोटं बोलू नका.

ज्योतीराम: तुझी शपथ.

वर्षाली: तुमचा आवाज पण आला होता मला मागून. खोकल्याचा. मी म्हटलं, पप्पांना दे फोन. तर म्हणाली, ते झोपलेत, दमून आलेत.

ज्योतीराम: खोकला तिचाच असंल, फोन लांब धरून. तिच्या छातीत भरलं होतं शेवटी.

वर्षाली: मग आईजवळ कोण होतं, पप्पा?

ज्योतीराम: कुणी न्हाई. शेजारची सोजरबाई मनत होती तिसऱ्याच्या दिवशी, एकटीच पडून होती वो घरात, आमाला पत्ता नव्हता. मला वाटलं, तू निघून गेल्यावरच्या दिवसाचं बोलतीय.

वर्षाली: मला पण म्हणाल्या सोजर आजी. एकटी होती बिचारी. मला वाटलं, तुम्ही परत चाकणला गेलात त्यानंतरचं.

सुमनताई: आत्ता गं बया.

ज्योतीराम: सोजरबाईनंच शेवटी जीप करून लातूरला काढली तिला. पर लातूर कुठलं यायला. वाटंतच…

वर्षाली: मला माहीत आहे ते. नका सांगू.

सुमनताई: भाऊ, एक इचारू? ते डिपॉझिट म्हनला ते माझंच ना? ह्याच खोलीचं?

ज्योतीराम: हां.

सुमनताई: मीच मागं लागले व्हते. पोरीला म्हनले व्हते, घट बसायच्या आत भर, न्हाईतर खोली दुसरीला दिईन. दोन पोरी वाट बघत व्हत्या. आमची जमीन गेली समदी ह्या इमारतींखाली, आता खोल्यांवरच चालतं आमचं. म्हनून म्हनले. मला काय ठावं…

ज्योतीराम: तुमची काय चूक, ताई. भाडं-डिपॉझिट कुणीबी मागतंय.

सुमनताई: मी आत जाते. बोला तुमी.

ज्योतीराम: चहा निवला बग तुझा.

वर्षाली: नको मला.

ज्योतीराम: तू मला तेराव्यापर्यंत एक शब्द बोलली न्हाईस.

वर्षाली: तुम्ही तरी कुठे बोललात?

ज्योतीराम: मी काय बोलू? एका घरात होतो आपुन. तू आत, मी ओट्यावर. तू ताट आणून ठेवायचीस आन तोंड फिरवून जायचीस. मला वाटायचं, हिला तोंड दाखवायला जागा न्हाई. आईला फणफणत्या तापात टाकून ही पेपर द्यायला गेली.

वर्षाली: असं वाटलं तुम्हाला माझ्याबद्दल?

ज्योतीराम: वाटलं. खोटं कशाला सांगू?

वर्षाली: मला वाटायचं, हा माणूस एक सलाईन लावून परत कंपनीत पळाला. बारा वर्षं पळालाच, तसाच अजून एकदा. लोक तुमच्या गळ्यात पडून रडत होते ना, तेव्हा मला ओरडावंसं वाटत होतं. की ह्यांना काय सांगताय, हे तर सोडून आले तिला.

ज्योतीराम: ओरडायला पाहिजे होतीस.

वर्षाली: हो. तेव्हाच कळलं असतं.

ज्योतीराम: म्हणून दिवाळीला आली न्हाईस घरी?

वर्षाली: कुणाकडे येणार होते? तुम्ही आलात का तरी?

ज्योतीराम: न्हाई. डबल ड्यूटी मागून घेतली. कुलूपच होतं घराला.

वर्षाली: एक फोन केला असता मी तुम्हाला. फक्त एक. पप्पा, आई कशी आहे, एवढंच.

ज्योतीराम: तू कशाला करशील? नंबर होता का तुझ्यापशी माझा?

वर्षाली: होता. आईने सेव्ह करून दिला होता. कधी लावलाच नाही. तुम्ही काय म्हणाल, मी काय बोलू. आईला सांगितलं की तुम्हाला कळायचंच.

ज्योतीराम: माझ्यापशी तर तुझा नंबरबी नव्हता. ती गेल्यावर तिच्या फोनातून काढून घेतला. आज सकाळी पहिल्यांदा लावला. रिंग वाजत होती तर वाटत होतं, जणू परक्या माणसाला लावलाय.

वर्षाली: मी पण नाव बघून अगदी शेवटच्या रिंगला उचलला.

ज्योतीराम: चाकण न् पुनावळे. दोन बस बदलल्या की आलं. बाराशे मैलावर असल्यागत वागलो.

वर्षाली: का केलं तिने असं? का खोटं बोलली दोघांशी?

ज्योतीराम: तिनं मनात हिशोब मांडला असंल. माझी हजेरी, तुझं डिपॉझिट, तुझी परीक्षा, एसटीचं भाडं. त्यात तिचा ताप काय बसंना.

वर्षाली: मला फीमाफी मिळाली तेव्हा गावभर पेढे वाटले तिने. मुलींना फी माफ झाली, आता काही अडचण नाही. सगळ्यांना सांगत सुटली. मी म्हटलं होतं तिला, आई, फी माफ झाली, पण खाणं-राहणं कुठे माफ आहे? तर म्हणाली, ते मी बघते.

ज्योतीराम: मलाबी तेच. ते मी बघते. …रड. रडून घे. मी बसलोय.

वर्षाली: तिला वाटलं असेल उद्या उतरेल ताप.

ज्योतीराम: तसंच वाटलं असंल.

वर्षाली: तिला मरायचं नव्हतं, पप्पा. ती मला म्हणाली होती, दिवाळीला आलीस की तुझ्याकडून मोबाईलवर पैसे पाठवायचं शिकते. दरवेळी त्या सेवा केंद्रावाल्याच्या पाया पडावं लागतं.

ज्योतीराम: शिकली असती. हुशार होती. माझ्यापेक्षा लई.

वर्षाली: हं.

ज्योतीराम: तुला आता एक सांगतो. रागावू नको. मी आज पैसे द्यायला आलो नव्हतो.

वर्षाली: मग?

ज्योतीराम: तुला न्यायला आलतो. पार्ट जोडायच्या लाइनवर पोरी घेतेत आमच्या कंपनीत, बारावी पास चालतंय. ठेकेदाराशी बोलून ठेवलंय. तेराव्याला त्याच्याकडून उचल घेतली, ती दर महिन्याला कापतो तो. मनलं, तुझ्याम्होरं बसून एकेक खर्च मांडायचा, शेवटी दाखवायचं, बग, झेपत न्हाई. आन घेऊन जायचं. आतून राग होता तुझा, खरं सांगायचं तर. आईला सोडून ज्या कॉलेजला गेलीस, ते कॉलेजच नको.

वर्षाली: म्हणून विचारत होतात डबा, पास.

ज्योतीराम: हां. पर तू एकेक नकोच मनत गेलीस. मला बोलायला जागाच ठेवली न्हाईस.

वर्षाली: मी काटकसर नव्हते करत. मला तुमचे पैसे नको होते. आईला सोडून जाणाऱ्याचा एक रुपयाही नको, असं ठरवलं होतं. हायवेच्या मॉलमध्ये जाऊन आले मी, कपड्यांच्या दुकानात मुली हव्यात. संध्याकाळी चार ते दहा.

ज्योतीराम: आन अभ्यास?

वर्षाली: नव्हता विचार केला. चिडले होते फक्त.

ज्योतीराम: तुझ्या आईनं आपल्या दोघांना जागच्या जागी ठेवायला जीव घालवला. आन आपुन दोघंबी जागा सोडायला निघालो होतो.

वर्षाली: तुम्ही अजूनही नेणार आहात मला?

ज्योतीराम: न्हाई.

वर्षाली: आत्या तर म्हणत होती, पोरीला शिकवून काय करायचं, स्थळ बघा.

ज्योतीराम: आत्याला मी बगतो. तू आता खरं सांग समदं, पहिल्यापासून. डबा दोन वेळचा?

वर्षाली: दोन वेळचा.

ज्योतीराम: पास?

वर्षाली: काढते. अंधार पडतो हल्ली येताना.

ज्योतीराम: ड्रॉइंगचं सामान?

वर्षाली: मिनलचं चालेल खरंच. जर्नल मात्र स्वतःचं लागतं. आणि स्वेटर हवाय एक. इथे थंडी पडते सकाळी.

ज्योतीराम: स्वेटर धरला. …उचल कापून माझ्या हातात जेवढे येतेत, त्याच्यापेक्षा हे जास्त होतंय जरा. गुरुवारी लोडिंगची कामं असतेत ट्रान्सपोर्टवाल्यांकडं. ती धरतो.

वर्षाली: गुरुवारी नाही. आठवड्यातून एक तर सुट्टी आहे तुम्हाला. गुरुवारी इथे या.

ज्योतीराम: मग तूट कशी भरायची?

वर्षाली: शनिवार-रविवार मी जाते मॉलमध्ये. दोनच दिवस. परीक्षेच्या वेळी नाही.

ज्योतीराम: रोज न्हाई ना पर?

वर्षाली: नाही.

ज्योतीराम: तुझी आई असती तर मनली असती, पोरीला कामाला लावलंत.

वर्षाली: ती म्हणाली असती, पप्पांना सांगू नको, मी बघते.

ज्योतीराम: हां. हेच मनली असती.

वर्षाली: पप्पा, ती मला रोज तुमचं काहीतरी सांगायची. पप्पा विचारत होते, पोरीला झोप लागते का नव्या जागी. पप्पा म्हणालेत, रात्री एकटीने दुकानात जाऊ नको. पप्पांना तुझ्या शाळेतल्या कविता अजून पाठ आहेत.

ज्योतीराम: मी असं कवा मनलो न्हाई.

वर्षाली: नाही?

ज्योतीराम: तिचं न् माझं बोलणं तरी किती व्हायचं? शिफ्ट सुटली की दोन मिनिटं. पैसे पोचले का, पाऊस हाय का. झालं.

वर्षाली: म्हणजे तेही तीच बोलायची.

ज्योतीराम: कविता तेवढी खरी. तू चौथीत मनून दाखवलेली. ती हाय पाठ. तिला कसं कळलं काय माहीत, मी तर तिला सांगितलं न्हाई. लाइनवर उभं राहून मनात मनतो कवा कवा. …मलाबी सांगायची ती तुझं. पोरगी मनत होती, पप्पांच्या पायाला सूज येती का अजून.

वर्षाली: मला माहीतच नव्हतं तुमच्या पायाला सूज येते.

ज्योतीराम: येती. उभ्याचं काम असतंय ना. आता बरं हाय.

वर्षाली: दाखवा.

ज्योतीराम: इथं व्हरांड्यात काय दाखवतीस, राहू दे. …चल, निघतो मी. अंधारायच्या आत पहिली बस गाठतो. हे ठेव. ह्या महिन्याचं हाय. पुढच्याचं पुढं बगू.

वर्षाली: तुमच्या बसपुरते ठेवलेत ना?

ज्योतीराम: ठेवलेत. ताईंना सांग, चहा चांगला होता. त्यांच्या मनात राहिलं असंल ते डिपॉझिटचं. तू बोल त्यांच्याशी, मला काय जमायचं न्हाई.

वर्षाली: बोलते.

ज्योतीराम: आन फोन करीन मनतो. कवा करू?

वर्षाली: कधीही करा.

ज्योतीराम: शिफ्ट सुटल्यावर करीन. रोज केला तर चालंल का? तुझा अभ्यास असंल.

वर्षाली: चालेल.

ज्योतीराम: रोज बोलायचं काय पर?

वर्षाली: जेवलीस का, विचारायचं.

ज्योतीराम: आन मग?

वर्षाली: मग मी विचारेन, तुम्ही जेवलात का.

ज्योतीराम: एवढंच?

वर्षाली: एवढंच. पण खरं सांगायचं, पप्पा.